वाटाड्या हरवलेलीं प्रवासवर्णनें

मराठींत प्रवासवर्णनाची आवड जुनी आहे, आणि गेल्या कांहीं वर्षांत तिला एक नवी शाखा फुटली आहे. सहकुटुंब मोटारप्रवासाचें वर्णन, असें तिला नांव देतां येईल. दिवाळी अंकांतून आणि वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून हीं वर्णनें येतात. लिहिणारे बहुधा व्यवसायानें लेखक नसतात. त्यांच्या लिखाणांत डौल थोडा आणि उत्साह पुष्कळ असतो. अशा लेखनाकडे टीकाकारानें वळूंच नये, तें हौशी मंडळींचें काम समजून सोडून द्यावें, असा एक संकेत आपल्याकडे आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. मध्यमवर्गीय कुटुंब आपल्या शेजारच्या मुलुखाकडे कोणत्या दृष्टीनें पाहतें हें समजून घ्यावयाचें असेल, तर कादंबऱ्यांपेक्षां हीं वर्णनें अधिक उपयोगीं पडतात. कारण आपण कांहीं उघड करीत आहों याची लिहिणाऱ्यास जाणीवच नसते. प्रस्तुत लेखांत या लेखनाचा विचार करावयाचा आहे, आणि नमुन्यादाखल रायगड जिल्ह्यांतील कर्जत व खालापूर हे दोन तालुके घेतले आहेत. मुंबई आणि पुणें या दोन्ही शहरांतील कुटुंबांनीं सकाळीं निघून रात्रीं परत यावें इतका हा डोंगराळ मुलूख जवळ आहे, त्यामुळें त्याचीं वर्णनेंहि विपुल आहेत.

या वर्णनांचा सांचा आतां ठरून गेला आहे. पहांटे निघण्याची धांदल, घरचीं थालीपिठें खावयाचीं कीं कर्जतचा वडा, यावरून गाडींत रंगलेला वाद, खालापूरचा टोलनाका, मग मोठा रस्ता सोडून आंतल्या अरुंद रस्त्यास लागणें, भाताचीं खाचरें, ढगांत बुडालेला सुळका, धबधबा, मुलांचें भिजणें, एखाद्या झोपडीपाशीं मिळालेला चहा, आणि परततांना मन ताजेंतवानें झाल्याची ग्वाही. सांचा असल्याबद्दल आमची तक्रार नाहीं. जुन्या यात्रावर्णनांनाहि सांचा होताच. शिवाय या लेखनाचे कांहीं खरे गुण आहेत. एकटा प्रवासी एकाच वयाचे डोळे घेऊन जातो. कुटुंब तीन पिढ्यांचे डोळे घेऊन जातें. आवणीच्या दिवसांत खाचरांत वांकलेल्या बायका पाहून ज्या आजीला आपल्या माहेरचें शेत आठवतें, तिच्या शेजारीं बसलेला नातू, हा चिखल कोणीं केला, असें विचारतो. असे प्रसंग चांगल्या वर्णनांत येतात, आणि तेवढ्यापुरतें तें लिखाण जिवंत होतें.

आमचा आक्षेप आहे तो दोन शब्दांना. पहिला शब्द 'दुर्गम' आणि दुसरा 'साधींभोळीं'. मुलूख दुर्गम आणि माणसें साधींभोळीं, एवढ्या दोन विशेषणांत कर्जत-खालापूरचा निकाल लागतो. दोन्ही विशेषणें प्रेमानें वापरलेलीं असतात हें आम्हांस ठाऊक आहे. तरी तीं पारखून घेतलीं पाहिजेत. कारण या सर्व लेखनाचा दोष त्यांच्या आड लपलेला आहे.

प्रथम 'दुर्गम' हा शब्द घ्या. बोरघाटाची गाडीवाट सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असतांना १८३० सालीं खुली झाली. १८६३ सालीं त्याच घाटानें आगगाडी वर चढली. खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं आणि कर्जत तालुक्यांतील भिवपुरीचें १९२२ सालीं सुरू झालें. सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेलें पाणी या पायथ्याशीं येऊन पडूं लागलें आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालूं लागल्या. वीज करून झाल्यावर तेंच पाणी खोपोलीस पाताळगंगेच्या आणि भिवपुरीस उल्हासच्या पात्रांत जातें, आणि खालच्या वस्त्यांच्या व कारखान्यांच्या कामीं येतें. खालापूर तालुक्यांतील मोरबे धरणाचें पाणी नवी मुंबईच्या नळांस येतें. मुंबई-पुणें द्रुतगति महामार्ग २००२ सालीं पुरा झाला तोहि खालापुरांतूनच. म्हणजे ज्या खोऱ्याच्या पाण्यानें आपला स्वयंपाक होतो आणि ज्याच्या उंचीनें एके काळीं आपले दिवे लागले, तें खोरें आपण दुर्गम म्हणून लिहितों! येथील ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांतून दवाखान्याची वाट खरोखर लांब आहे, शाळेचीहि कित्येक ठिकाणीं लांब आहे. त्या अर्थानें हा शब्द त्यांनीं वापरला तर तो अगदीं यथार्थ होईल. पण वर्णनकाराच्या मनांत तो अर्थ नसतो. त्याला एवढेंच म्हणावयाचें असतें कीं, येथें आपल्या ओळखीचें कोणी नाहीं. ओळखीचा हा अभाव तो डोंगराच्या अंगावर टाकतो.

ओळख कशी होते, याचा धडा घेण्यासाठीं फार लांब जावें लागत नाहीं. खालापूरच्या शेजारचा तालुका पेण. त्यांतील वरसई गांवचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक १८५७ सालीं आपले चुलते रामभट यांच्यासह उत्तर हिंदुस्थानांत जाण्यास निघाले. घरावर कर्ज झालेलें, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथें दक्षिणा चांगली मिळेल अशी वार्ता कानावर आलेली; म्हणून घरच्यांची संमति मिळवून काका-पुतणे बाहेर पडले. पुढें त्यांना बंडानें गांठलें. १८५८ सालीं इंग्रजी फौजेनें झांशी घेतली आणि लुटली तेव्हां विष्णुभट शहरांतच होते. मिळविलेलें धन वाटेंत गेलें, जीव मात्र वाचला, आणि गंगेची कावड घेऊन ते वरसईस परत आले. चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनीं ही हकीकत लिहून काढिली, आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर १९०७ सालीं वैद्यांनीं 'माझा प्रवास' या नांवानें प्रसिद्ध केली. छापतांना वैद्यांनीं मजकुरांत बराच फेरफार केला होता. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं काढिली, तेव्हां गोडसे भटजींचा खरा आवाज वाचकांच्या कानीं पडला.

या पुस्तकाची थोरवी इतिहासकारांनीं पुष्कळ वर्णिली आहे. आम्हांस तें येथें एका निराळ्या कारणासाठीं हवें आहे. तोहि एका कुटुंबाचाच प्रवास आहे: चुलता-पुतण्याचा, घरच्या अडचणीसाठीं काढलेला, परक्या मुलुखांतून गेलेला. आणि तरीहि त्यांत एकहि प्रदेश निर्मनुष्य वाटत नाहीं. असें कां व्हावें? भटजी कांहीं आधुनिक अर्थानें उदार नव्हते. जातीचा अभिमान त्यांच्या ओळीओळींत आहे, दक्षिणेचा हिशेब तर क्षणभर सुटत नाहीं. फरक त्यांच्या स्वभावांत नसून त्यांच्या गरजेंत आहे. काका-पुतण्यांना पदोपदीं विचारावें लागे. पुढचा मुक्काम किती कोसांवर, पाणी कोठें, शिधा कोण देईल, वाट सुरक्षित आहे कीं नाहीं, या प्रत्येक गोष्टीसाठीं कोणातरी माणसाच्या तोंडाकडे पाहावें लागे. महूच्या सुमारास पुढें होऊं घातलेल्या दंग्याची चाहूल त्यांना लागली तीहि वाटेंत भेटलेल्या पलटणीच्या शिपायांच्या तोंडून. काल्पीकडच्या वाटेवर विहिरीपाशीं झांशीची राणी भेटते, भटजी तिच्यासाठीं पाणी काढूं लागतात आणि ती त्यांना थांबवून स्वतः पाणी काढते; मराठी गद्यांतील या अविस्मरणीय प्रसंगाच्या मुळाशीं काय आहे? तहान आहे, आणि एकाच विहिरीवर येण्याची दोघांवर आलेली पाळी आहे. विचारणें आणि मागणें यांच्यामुळें प्रवासी माणसांत येतो, आणि माणसें प्रवासवर्णनांत येतात.

मोटारीनें प्रवाशाची ही गरज नाहींशी केली. पाणी गाडींत, जेवण डब्यांत, मुक्कामाची जागा आधींच पैसे भरून ठरविलेली, आणि आतां तर वाटहि हातांतल्या फोनवर उमटते; एक अदृश्य बाई डावीकडे वळा, उजवीकडे वळा असें सांगते आणि कुटुंब वळतें. पूर्वीं आंतल्या रस्त्याला फांटा फुटला कीं गाडी थांबे, कांच खालीं होई, आणि डोक्यावर मोळी घेतलेल्या एखाद्या बाईला विचारावें लागे. ती नुसती वाट सांगून थांबत नसे. कोणाकडे चाललांत, ओढ्याला पाणी आहे, कालच एक गाडी अडकली, परतीला उशीर करूं नका, असें चार शब्द जास्त बोले. वर्णनांत ते शब्द येत. आज गाडी थांबत नाहीं, म्हणून ती बाईहि वर्णनांत येत नाहीं. आली तर कांचेबाहेरून, डोक्यावरच्या मोळीसकट, चित्रासारखी. बोलणारी बाई साधीभोळी वाटण्याचा संभव फारच थोडा. न बोलणारी मात्र तशी सहज वाटते. 'साधींभोळीं' या विशेषणाचा उगम आमच्या मतें येथें आहे. ज्याच्याशीं आपण बोललों नाहीं त्याच्या मनांत कांहीं गुंतागुंत नसावी, असें धरून चालणें सोयीचें असतें.

वाटाड्याला विसरणें हा दोष आजचाच आहे असेंहि नाहीं. मोटारीनें तो सर्वांच्या आवांक्यांत आणला एवढेंच. बोरघाटाची कथा या बाबतींत विचार करण्यासारखी आहे. खोपोलीच्या वर जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचें देऊळ आहे. घाटांतून वाट कोठून काढावी हें इंग्रज इंजिनियरांना उमगेना, तेव्हां शिंग्रोबा नांवाच्या धनगरानें त्यांना आपल्या गुरांची वाट दाखविली आणि त्या उपकाराची फेड म्हणून त्याला गोळी मिळाली, असें लोक सांगतात. ती वाट गाडीरस्त्याची कीं लोहमार्गाची, याविषयीं सांगणाऱ्यांत एकमत नाहीं. कथेची कागदोपत्रीं शाबिती कशी व किती, हा प्रश्न येथें गौण आहे. तिच्यांत लोकांनीं साहेबाच्या लिखित इतिहासावर एक टीका करून ठेविली आहे, ती पाहण्यासारखी आहे. लिखित इतिहासांत गव्हर्नराचें नांव आहे; लोहमार्गाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अॅलिस हिनें तो ठेका पुरा केला, हेंहि आहे; आणि तें असणें योग्यच आहे, बाईचें धाडस मोठें होतें. पण घाटाच्या कामावर पटकीनें आणि अपघातांनीं जे हजारों मजूर मेले त्यांना त्या इतिहासांत नांवें नाहींत, आणि वाट दाखविणाऱ्यालाहि नाहीं. तें उणें लोकांनीं देऊळ बांधून भरून काढलें. मोटारहांके पिढ्यान्‌पिढ्या तेथें पैसा टाकून पुढें जात आले. आमच्या सहलीच्या वर्णनांत तें देऊळ बहुधा 'एक छोटेंसें मंदिर' म्हणून येतें, किंवा येतच नाहीं.

वाटाड्याला न विचारण्याचा शेवट कोठवर जातो हें पाहावयाचें तर थोडा वेळ समुद्रापलीकडे जावें. ऑस्ट्रेलिया खंडाचा आंतला भाग हा जगांतल्या दुर्गम प्रदेशांचा जणूं नमुना मानला जातो. तेथेंहि आज कुटुंबेंच्या कुटुंबें मोटारी घेऊन आठवडेच्या आठवडे हिंडतात आणि त्याचीं वर्णनें लिहितात. या भूमीवर १८६० सालीं बर्क आणि विल्स हे दोघे मोठ्या लवाजम्यानिशीं मेलबर्नहून निघाले. खंड दक्षिणोत्तर ओलांडून परत येतांना १८६१ सालीं कूपर्स क्रीक या नदीच्या कांठीं ते दोघे उपासमारीनें मेले. त्याच कांठावर यांद्रुवांदा लोक पिढ्यान्‌पिढ्या राहात होते. मासे कोठें मिळतात, नार्दू नांवाच्या वनस्पतीपासून पीठ कसें सिद्ध करावें, हें त्यांना ठाऊक होतें. किंग नांवाचा तिसरा सोबती त्या लोकांच्या आश्रयास राहिला, आणि तो मात्र वांचला. एकाच नदीच्या एकाच कांठाला दोघांनीं ओसाड रान म्हटलें आणि दुसऱ्या कित्येकांनीं घर म्हटलें. आमच्या मुलुखाच्या वर्णनांत कोणी उपाशीं मरत नाहीं, ही देवाची कृपा. पण दृष्टीचा प्रकार फारसा निराळा नाहीं.

येथें एक आक्षेप येणें साहजिक आहे. वर्षभर नोकरी करून थकलेलें कुटुंब दोन दिवस पावसांत भिजावयास जातें; त्याच्या आनंदाच्या वर्णनावर समाजशास्त्राचा बोजा कशाला? सहल म्हणजे पाहणी नव्हे, आणि लेख म्हणजे अहवाल नव्हे. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. आनंदावर कर बसविणारी टीका कोणालाच नको. पुढें जाऊन असेंहि म्हणतां येईल कीं, दारिद्र्याचें हळहळें वर्णन हें धबधब्याच्या वर्णनाहून पुष्कळदां वाईट असतें. त्यांत लेखकाच्या दयाळूपणाचेंच दर्शन अधिक घडतें. कातकऱ्यांच्या हालांचा एक परिच्छेद मध्यें घालून उरलेला लेख पूर्वींप्रमाणेंच लिहिला, तर आमची तक्रार दूर होणार नाहीं, उलट वाढेल.

मागणें याहून साधें आहे, आणि तें साहित्याचेंच आहे. कोणत्याहि कथनांत जागा जिवंत होते ती तेथें राहणाऱ्याच्या नजरेनें. गो. नी. दांडेकरांची 'माचीवरला बुधा' ही कादंबरी पाहावी. राजमाची मावळांत येते खरी, पण तिच्यावर चढणारी एक वाट कर्जत तालुक्यांतील कोंदिवड्याहून, कोंडाण्याच्या लेण्यांवरून जाते. कुटुंबें त्या लेण्यांपर्यंत हौसेनें जातात. त्या लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा ब्राह्मी लिपींतला एक लेख आहे, आणि कण्हाचा शिष्य बलक यानें हें काम केल्याचें त्यावरून कळतें. दगड घडविणाऱ्यालाहि आपलें नांव मागें ठेवावेंसें वाटलें! दांडेकरांचा बुधा मुंबईंत आयुष्य घालवून म्हातारपणीं एकटाच माचीवर परत येतो, आणि झाडें, जनावरें, पांखरें यांच्या संगतींत राहतो. या कादंबरींत सृष्टिवर्णन थोडें नाहीं. कित्येकांना तें अतीच वाटेल. पण तेथें अंतरें उलट झालीं आहेत. माची जवळ आहे आणि मुंबई दूर. शहर हाच दुर्गम प्रदेश, जेथें माणसाचा जीव रमत नाहीं. वाचक पुस्तक मिटतो तेव्हां माचीवरच्या एखाद्या झाडाकडेहि तो कोणाचें तरी झाड म्हणून पाहतो. हें काम कळकळीच्या परिच्छेदानें झालेलें नाहीं, नजरेची जागा बदलल्यानें झालें आहे. सहलीच्या लेखाकडून कादंबरीची अपेक्षा कोणी करीत नाहीं. पण वाटेंत भेटलेल्या एका माणसाच्या जागेवरून एकदां आपल्या गाडीकडे पाहणें एवढें तरी दोन पानांच्या लेखांतहि साधणारें आहे.

हा वाद केवळ लेखनपद्धतीचा असता तर आम्हीं तो इतका लांबविला नसता. खालापूर तालुक्यांत चौक गांवाजवळ इर्शाळगड आहे. त्याचा सुळका महामार्गावरून दिसतो, त्याच्या माथ्यावरून मोरब्याचा जलाशय दिसतो, आणि पावसाळी सहलींच्या वर्णनांत त्याचें नांव वारंवार येत आलें आहे. गडाच्या खालीं डोंगराच्या टप्प्यावर इर्शाळवाडी ही ठाकूर समाजाची वाडी होती. गडावर जाणाऱ्याला वाडींतून जावें लागे. भटक्यांच्या टिपणांत तिचा उल्लेख आढळे तो बहुधा सोय म्हणून: येथें पाणी मिळतें, सांगितलें तर जेवण होतें, वाटाड्या मिळतो. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं मुसळधार पावसांत दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. मोटारीचा रस्ता नसल्यामुळें मोठीं यंत्रें वर नेतां आलीं नाहींत. जवान आणि स्वयंसेवक चिखलाची चढण चढून गेले आणि कुदळ-फावड्यांनीं माती उपसूं लागले. २७ मृतदेह हातीं लागले. २३ जुलै रोजीं शोध थांबविण्यांत आला तेव्हां ५७ माणसें बेपत्ता होतीं. दरडींचा धोका असलेल्या गांवांच्या यादींत ही वाडी नव्हती, असें सरकारतर्फेंच त्या वेळीं सांगण्यांत आलें.

प्रवासवर्णनांनीं दरड पाडली नाहीं, आणि तीं निराळीं लिहिलीं असतीं तर ती थांबली असती असेंहि नाहीं. तसें म्हणणें हा पोरकटपणा होईल. परंतु त्या आठवड्यांत शहरांतल्या घराघरांतून एक प्रश्न ऐकूं येत होता: 'अशा ठिकाणीं माणसें राहातातच कशाला?' हा प्रश्न दुष्टाव्यानें विचारला जात नव्हता. कित्येकांनीं तो डोळ्यांत पाणी आणून विचारला. पण तो विचारतां आला याचें कारण, ती माणसें तेथें कशीं राहातात, काय पिकवितात, खालीं उतरलीं तर जमीन कोणाची आणि पोट कशावर, हें आपण कधीं वाचलेंच नव्हतें. गडाचीं वर्णनें आपण वाचलीं होतीं. वर चढण्यास किती वेळ लागतो, सुळक्यावर कोठें जपावें, हें पाठ होतें. वाडींतल्या कोणाचें एक नांवहि आपणांस ठाऊक नव्हतें. सरकारच्या यादींत जी वाडी नव्हती ती आमच्या साहित्याच्या यादींतहि नव्हती, आणि या दुसऱ्या यादीला तर कोणत्याहि खात्याची मंजुरी लागत नाहीं. वांचलेल्यांसाठीं पुढें खालीं चौकच्या परिसरांत नवीं घरें बांधण्यांत आलीं. त्या घरांवरून तो सुळका कसा दिसतो, हें कोणीतरी लिहिलें पाहिजे. बहुधा तें तेथेंच राहणारा एखादा मुलगा किंवा मुलगी पुढें लिहील, आणि आपण वाट पाहावी हें बरें. पण आपल्या वांट्याचें लिखाण तरी आपण नीट करावें.

तें नीट होण्यास कुटुंबाची अडचण नाहीं, उलट मदतच आहे. हें येथें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. कारण टीकाकार सहसा एकट्या, खडतर प्रवाशाची बाजू घेतात आणि पोराबाळांच्या सहलीला हसतात. एकट्या पुरुषाला वाडींत जी दारें उघडत नाहींत तीं लहान मूल कडेवर असलेल्या बाईला उघडतात. आजीच्या शेजारीं दुसरी आजी येऊन बसते आणि गुडघेदुखीपासून गोष्टी सुरू होतात. लहान मुलें तर वाटाड्यांचे मित्र होण्यास दोन पळें घेत नाहींत. तुझें नांव काय, हा प्रश्न त्यांना सुचतो आणि मोठ्यांना सुचत नाहीं. चांगलें प्रवासवर्णन लिहिण्याची सामग्री म्हणजे गाडींत बसलेलीं हीं माणसेंच. लिहितेवेळीं मात्र कुटुंबप्रमुख लेखणी हातीं घेतो, 'आम्ही' या शब्दाचें कुंपण घालतो, आणि या सगळ्या भेटी गाळून सुळका, ढग आणि धबधबा तेवढे ठेवतो, कारण साहित्य म्हणजे तें, अशी त्याची समजूत असते. ती समजूत संपादकांनीं घालवावी. गाळलेला भाग मागून घ्यावा आणि ढगांचा परिच्छेद निम्म्यानें कमी करावा.

गोडसे भटजी प्रवासाहून परत आले तेव्हां त्यांच्यापाशीं कमावलेलें धन नव्हतें; गंगोदक होतें आणि माणसांनीं भरलेल्या आठवणी होत्या. त्या आठवणींनीं मराठी भाषेला एक ग्रंथ दिला. आजच्या कुटुंबाचा प्रवास एका दिवसाचा असतो, आणि त्यांतून ग्रंथ निघावा असें कोणी म्हणत नाहीं. परंतु पुढच्या श्रावणांत कर्जत-खालापूरकडे जाऊन आल्यावर जे कोणी लेख लिहावयास बसतील त्यांनीं आपला मजकूर छापावयास देण्यापूर्वीं एकदां वाचून पाहावा, आणि त्यांत स्थानिक माणसाचें एक तरी नांव आलें आहे कीं नाहीं, व त्या माणसानें चहाच्या किंमतीवांचून दुसरें एखादें वाक्य उच्चारलें आहे कीं नाहीं, एवढें तपासावें. नसेल तर लेख फाडूं नये. पुन्हा एकदां त्याच रस्त्यानें जावें, फोन खिशांत ठेवावा, आणि फांट्यावर गाडी थांबवून वाट विचारावी.